आप्पांचं बी

गणेश चतुर्थीच्या सकाळी शेळ्यांनी दुधी खाल्ला नाही.

पॅकहाउसच्या मागं रोज बाद मालाचा ढीग पडायचा. वाकड्या काकड्या, डागी दोडके, आखूड राहिलेले दुधी. ठकूमावशीच्या तीन शेळ्या त्यावर तुटून पडायच्या आणि दहा मिनिटांत जमीन साफ करून टाकायच्या. आज त्यांनी काकड्या संपवल्या, दोडके संपवले, आणि दुध्यांना नुसतं हुंगून त्या मागं सरल्या.

अनुजा डुंबरे दारात उभी राहून बघत होती. पॅकहाउसची प्रयोगशाळा ती सांभाळायची, आणि तिघींपैकी तिघींनी नकार दिला, याची तिच्या डोक्यात आपोआप नोंद झाली.

"पोट भरलं असेल," ती म्हणाली.

"शेळीचं?" ठकूमावशी हसली. ती इथं बावीस वर्षं प्रतवारीच्या पट्ट्यावर बसत होती. "अगं, परवा माझा पदर चघळला हिनं. शेळीचं पोट भरलेलं तुझ्या त्या कॉलेजात पाहिलंस व्हय?"

अनुजा हसली, पण आत गेल्यावर तिनं तपासणी-यंत्राचा पडदा सुरू केला. सकाळचे नऊच्या नऊ लॉट हिरवे होते. यंत्र प्रत्येक लॉटमधल्या थोड्या दुध्याचा रस घ्यायचं आणि त्यात दोनशे चौदा कीटकनाशकं शोधायचं. एकही सापडलं नव्हतं. सापडणार तरी कुठून? या शेडला माल घालणाऱ्या एकशे चाळीस शेतकऱ्यांनी गेल्या तीन वर्षांत दुधीच्या मांडवावर औषधाचा एक थेंब मारला नव्हता. त्याला कारण अनुजाच होती.

सहा वर्षांपूर्वी ती पुण्यात शिकत असताना तिचे वडील, म्हणजे आप्पा, पाठीवर पंप घेऊन स्वतःच्याच मांडवाखाली कोसळले होते. तोंडाला फेस, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. अठरा दिवस दवाखान्यात काढून ते घरी आले, पण जिभेची चव गेली ती गेलीच. त्या विषानं गेली की वयानं, हे डॉक्टरांना नक्की सांगता आलं नाही. आप्पांना त्याचं काही वाटलं नाही. "बरंच झालं," ते म्हणाले, "आता अनूच्या हातचं पिठलंसुद्धा मुकाट्यानं खाल्लं जातं." आई त्याआधीच गेलेली. घरात ही दोघंच.

त्या अठरा दिवसांत दवाखान्याच्या बाकावर बसून अनुजानं जे वाचलं, त्यातून तिचं यंत्र निघालं.

झाडाला कान नसतात. पण अळी पान कुरतडते तेव्हा पानातून एक बारीक थरथर जाते आणि ती झाडाला ओळखता येते. वाऱ्याची थरथर वेगळी, पावसाच्या थेंबाची वेगळी. कुरतडण्याची थरथर पोचली की झाड पुढच्या हल्ल्याच्या तयारीला लागतं. पानांमध्ये कडवट, अळीला न सोसणारी द्रव्यं भरायला लागतं. अनुजानं अळ्यांची थरथर टिपली आणि शर्टाच्या बटणाएवढ्या यंत्रातून ती मांडवाच्या तारेवर सोडली. दिवसातून चार वेळा, दर वेळी अकरा मिनिटं. वेलांना वाटायचं, शत्रू आला. ते अंगावर चिलखत चढवून बसायचे, आणि खरी अळी आलीच तर तिला तोंड लावता यायचं नाही. फळमाशीसाठी गंधाचे सापळे होतेच. यंत्राचं नाव तिनं ठेवलं चाहूल. शेड चालवणाऱ्या निनाद सरांच्या कंपनीनं ते घेतलं, प्रयोगशाळा उभी केली, आणि दुधीवर 'फवारणीमुक्त' असा हिरवा शिक्का लागायला लागला. पहिला शिक्का आप्पांच्या मालावर.

एक शंका तिलाही होती. पानांतला कडूपणा फळात उतरला तर? रानदुधीत तो असतो आणि माणसाला मारू शकतो. पण शेतातल्या दुधीची गोष्ट निराळी. पिढ्यान् पिढ्या माणसानं गोड फळाचंच बी राखल्यामुळं फळाकडं जाणारी ती वाट बंद पडलेली असते. तरीही तिनं पहिल्या दोन हंगामांत फळं तपासली होती. निर्धोक निघाली.

तिसऱ्या हंगामात तपासली नव्हती.

ती पुन्हा मागं गेली. ढिगातला एक दुधी उचलून धुतला, सुरीनं चकती कापली आणि ओठांशी नेली.

"ए, काय करतीस?" ठकूमावशी ओरडली. "तूच पाटी लावलीस ना तिथं? माल तोंडात घालायचा नाही म्हणून?"

लावली होती. पूर्वी ठकूमावशी प्रत्येक गाडीतल्या दोन-चार दुध्यांची चकती दाताखाली धरून बघायची आणि मगच गाडी आत घ्यायची. अन्नसुरक्षेची तपासणी झाली तेव्हा ते अस्वच्छ ठरलं. तपासणीचं यंत्र आल्यावर त्याची गरजही नव्हती. नियम अनुजानंच लिहिला होता.

तिनं चकतीला जीभ लावली.

कारल्याचा कडूपणा तोंडात पसरतो आणि विरतो. हा तसा नव्हता. तो घशाकडं सरकला, तिथं चिकटला आणि वाढतच गेला. पोटात काही गेलेलं नसताना तिला उमासा आला.

"थुंक!" ठकूमावशीनं तिच्या पाठीत धपाटा घातला. "थुंक आधी! चूळ भर. पुन्हा भर." मग तिनं तो दुधी पायानं दूर लोटला. "कडू दुधी वाईट. माझी चुलती गेली होती गं त्यानं. आम्ही पोरी-पोरी होतो तवा."

अनुजा पडद्यासमोर जाऊन बसली. यंत्राच्या निकालामागं एक आलेख असतो. रसातला प्रत्येक घटक तिथं एका टोकासारखा उभा राहतो. यंत्र त्यातली यादीतली दोनशे चौदा टोकं शोधतं, नसली तर हिरवा दिवा लावतं, आणि बाकीच्या टोकांबद्दल काही बोलत नाही, कारण ते त्याला कुणी विचारलेलंच नसतं. अनुजानं आज पहिल्यांदा बाकीची टोकं बघितली. उजवीकडं एक उंच सुळका होता. नाव नसलेला. तिनं मागच्या महिन्याचा आलेख काढला. तिथंही तो होता, अर्ध्या उंचीचा. त्यामागच्या महिन्यात, बोटभर. गेल्या वर्षी अगदी टेकाडासारखा.

यंत्र तो इमानदारीनं काढत आलं होतं. वर्षभर.

आणखी एक गोष्ट तिला आठवली. यंदा मांडवांवर लाल भुंगे फार झाले होते. बाकीचे किडे या कडूपणाला भितात; लाल भुंग्याला तो आवडतो. हे तिनं स्वतःच्या प्रबंधात लिहिलं होतं. शेतकरी भुंग्यांची तक्रार घेऊन आले तेव्हा ती म्हणाली होती, हवामान बदललंय.

पण सुळका नऊपैकी चारच लॉटमध्ये होता. चाहूल तर सगळ्यांच्याच तारांवर होती. मग हे चौघं वेगळे कशात? तिनं नावं वाचली. डोके, खैरे, वाजगे, भोर. चौघंही आप्पांच्या उठण्याबसण्यातले. यंदा चौघांनी विकतचं बियाणं घेतलं नव्हतं.

तिनं निनाद सरांना फोन केला. ते आधी हसले, मग चिडले. "सणाचा माल आहे, अनुजा. यंत्र हिरवं दाखवतंय ना?" तिनं एवढंच विचारलं, "सर, एक चकती खाऊन बघता का? मी गाडीबरोबर पाठवते." नऊ टन माल गेटाच्या आत थांबला.

मग तिनं घरी फोन लावला. आप्पा साखरेसाठी रोज सकाळी पेलाभर दुधीचा रस घ्यायचे. घरच्या वेलाचा.

फोन शेजाऱ्यांनी उचलला. "अनू, येतेस का? आप्पांना सकाळपासून उलट्या होताहेत. गणपती बसवता बसवता पाटावरून कलंडले."

*

"कुकुर्बिटॅसिन. म्हणजे दुधीतलं ते कडू विष," डॉक्टर शेख मोबाइलवर वाचत म्हणाल्या. पस्तिशीच्या, सरळ बोलणाऱ्या बाई. "पूर्वी शहरात दुधी-रस पिऊन अशा केसेस व्हायच्या. सहसा माणूस पहिल्या घोटालाच थुंकतो, म्हणून वाचतो. यांनी अख्खा पेला कसा काय प्यायला?"

"त्यांना चव कळत नाही," अनुजा म्हणाली.

"शिजवलं की जातं का हे?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही. शिजवूनही राहतं."

"यावर उतारा नाही. सलाइन, रक्तदाब सांभाळणं, पोटातला रक्तस्राव थांबतोय का बघणं. लवकर आणलं म्हणून ठीक. तास-दीड तास उशीर झाला असता तर मी काही सांगू शकले नसते."

आप्पा पांढरे पडले होते. ओठांच्या कडेला तपकिरी डाग. अनुजानं खुर्ची जवळ ओढली.

"आप्पा, बी कुणाकुणाला दिलंत?"

त्यांच्या चेहऱ्यावर एकदम उजेड आला. "कुणाला नाही दिलं ते विचार. तुझी आई गेली तवापासून बियाचं मीच बघतो. मांडवात फिरायचं. ज्या फळाला एक टोच नाही, त्याला चुन्याचं बोट लावायचं. ते तोडायचं नाही, वेलावरच वाळू द्यायचं. पानावर भुंगा असू दे, फळ कसं आरशासारखं पाहिजे." श्वास घ्यायला ते थांबले. "तीन वर्षं तसंच राखलंय. यंदाचं बी तर असलं झालंय, किडा बघत नाही त्याच्याकडं."

अनुजा ऐकत राहिली. तिला जे पडद्यावर उलगडलं नव्हतं ते आप्पांनी तीन वाक्यांत सांगून टाकलं.

झाडाला भीती वाटली की ती त्याच्यापुरती राहत नाही. वारंवार हल्ला झालेल्या झाडाच्या बियांमध्येही त्याची खूण उतरते. जनुकं तीच, पण त्यांतली कुठली उघडी ठेवायची आणि कुठली मिटायची, याची आठवण बीबरोबर जाते. चाहूल दिवसातून चार वेळा वेलांना घाबरवत होती. शंभरातला एखादा वेल इतका घाबरला की त्यानं फळाकडची बंद वाट उघडली. त्याचं फळ किड्यांनी सोडून दिलं. आणि आप्पांनी नेमकं तेच फळ बियाण्याला राखलं. पुढच्या वर्षी त्यातलं सगळ्यात घाबरलेलं. तिसऱ्या वर्षी त्यातलंही. माणसानं शेकडो वर्षं गोडाची निवड केली होती. चव गेलेल्या एका माणसानं तीन हंगामांत उलटी केली.

आणि हे बी कुठल्याही तारेवर, कुठल्याही कुंपणावर लावलं तरी ते कडूच येणार होतं. चाहूल बंद करून काहीच थांबणार नव्हतं.

"नावं सांगा, आप्पा. सगळी."

"लिहून कोण ठेवतं? बी दिलं ते दिलं. उसनं थोडंच आहे?"

"आठवतील तशी सांगा."

ते डोळे मिटून सांगायला लागले, रस्त्यानं चालत गेल्यासारखे. गावामागून गाव, आळीमागून आळी. मधेच कळ आली की थांबायचे. नर्स दोनदा रागावून गेली. अनुजानं थांबवायला हवं होतं, पण ती लिहीत राहिली. दिवेलागणीला यादी एकसष्ट नावांवर आली. शेवटचं होतं करंजमाळच्या सखूबाईचं, डोंगरावरच्या वस्तीतलं.

यादी वाचताना तिच्या लक्षात आलं की चार शेतकरी सोडले तर सगळ्या बायकाच आहेत.

"बायकाच का?" तिनं ठकूमावशीला विचारलं. मावशी घरचा डबा घेऊन आली होती.

ठकूमावशी डब्याचं झाकण धरून तशीच थांबली. "अगं," ती म्हणाली, "उद्या पंचमी ना."

ऋषिपंचमी. त्या दिवशी बायका बैलाच्या कष्टाचं खात नाहीत. तालुक्यात औताला जुंपलेला बैल शेवटचा कुणी पाहिला होता, हे कुणाला आठवत नव्हतं, तरी रीत होती तशी होती. शेतातलं चालत नाही. परसातलं, कुंपणावरचं, हातानं टोकलेलंच पाहिजे. म्हणून ज्येष्ठात बायका आप्पांकडं यायच्या, चार बिया पदरात घेऊन जायच्या, घराच्या वळचणीला लावायच्या. आता भाद्रपदात ते वेल फळांनी लगडले होते.

"मावशी, भाजी करताना चाखून बघतातच ना? कुणीतरी?"

ठकूमावशीनं मान हलवली. "ऋषीची भाजी, बाई. निवेद दाखवल्याबिगर जिभेला लावत नाहीत. उष्टी होती."

अनुजाला एवढी भीती सकाळच्या आलेखासमोरही वाटली नव्हती. एकसष्ट चुली, आणि एकीवरही कुणी चव बघणार नाही.

ती लगेच मजकूर लिहायला बसली. 'आमच्या आप्पांनी दिलेल्या बियाच्या दुधीत' एवढं लिहून झालं तेव्हा आप्पांनी डोळे उघडले.

"काय लिहितीस?"

तिनं वाचून दाखवलं. 

"माझं नाव नको घालू, अनू." आवाज इतका बारीक होता की तिला वाकावं लागलं. "शेडचं सांग. यंत्राचं सांग. कंपनीला काय, ती उद्या दुसरं काही विकेल. माणसं माझ्या दारात बियाला येतात. तेवढंच उरलंय मला. डुंबऱ्याच्या बियात विष निघालं म्हणतील."

"चूक माझी आहे, आप्पा. चाहूल माझी आहे."

"मग तुझंच सांग ना," ते म्हणाले आणि त्यांनी तिचं मनगट धरलं. सलाइनची नळी ताणली गेली.

आदल्या रात्रीपर्यंत ती आकड्यांशिवाय कशावर विश्वास ठेवत नसे. आता आकडा एकच होता, यंत्रावरचा रक्तदाब, आणि तो खाली चालला होता. तिनं ती ओळ पुसली. नवा मजकूर केला: 'फवारणीमुक्त शिक्क्याच्या दुधीत दोष आढळला आहे. कुणीही दुधी खाऊ नये.' कुणीही दुधी खाऊ नये म्हटलं की सगळं आलंच, असं तिनं स्वतःला समजावलं. मजकूर सात गावांच्या सरपंचांना गेला. करंजमाळला ना भोंगा ना रेंज, म्हणून तो सकाळी वर जाणाऱ्या दूधवाल्याजवळ दिला.

*

पंचमीला सकाळी आठ वाजता सात गावांच्या देवळांवरच्या भोंग्यांतून तो मजकूर वाचला गेला. नऊ वाजता पुन्हा. आप्पांचा रक्तदाब थोडा वर आला होता. ते झोपले होते. अनुजानं रात्रीपासूनचा पहिला चहा घेतला.

दहाला ठकूमावशीचा फोन आला. मागं आरतीचा कल्लोळ होता.

"अनू, तू काय सांगितलंस त्या भोंग्यावर?"

"दुधी खाऊ नका म्हणून."

"शेडचा म्हणून सांगितलंस! इथं बाया म्हणतात, आपण कुठं विकतचा आणलाय? आपला आप्पांच्या बियाचा हाय, बिनघोर चिरा. आळीतल्या सहा घरांत मी सोता जाऊन विळ्या हिसकून घेतल्या. वेडी म्हणतात मला. बाकीच्यांचं काय?"

अनुजा उभी राहिली. आप्पांचा हात चादरीवर पालथा पडला होता. क्षणभर तिला वाटलं, उठवावं, विचारावं. मग तिनं दार ओढून घेतलं आणि व्हरांड्यात येऊन पहिल्या सरपंचांना फोन लावला.

"फोन भोंग्याच्या माइकला लावा. मी बोलते."

"अहो ताई, अर्ध्या तासानं आरती..."

"आत्ता लावा."

मग ती बोलली. "मी अनुजा. दशरथ आप्पा डुंबऱ्यांची मुलगी. आमच्या आप्पांनी तुम्हाला जे बी दिलं, त्याचा दुधी विषारी झालाय. माझ्या यंत्रामुळं झालाय. आप्पा तोच रस पिऊन दवाखान्यात आहेत. भाजी चुलीवर असेल तर खाली उतरवा. निवेदाला ठेवली असेल तर उचला. जनावरालाही घालू नका." हेच तिनं सात वेळा, सात गावांना सांगितलं. चौथ्या गावाला तिचा आवाज फुटला, तरी ती थांबली नाही.

फोन यायला लागले. बायका रडत होत्या, शिव्या देत होत्या, पातेली उकिरड्यावर रिकामी करत होत्या. कुणी म्हणालं, आप्पांनी असा कुणाचा तळतळाट घेतला? कुणी म्हणालं, लेकीनंच बापाचं नाव मातीत घातलं. ती प्रत्येक नावापुढं रेघ मारत गेली. साडेअकराला साठ रेघा झाल्या.

एकच नाव राहिलं होतं.

करंजमाळचा रस्ता पंधरा किलोमीटर चढाचा. शेवटच्या वळणावर दरड आली होती. तिथं गाडी सोडून ती पायी चढली. बारा वीस झाले होते. सखूबाईच्या अंगणात सारवलेल्या जमिनीवर बायका ओळीनं बसल्या होत्या, ओढ्यावर न्हाऊन आलेल्या, केस अजून ओले. कुणीतरी हसत होतं.

"अगं बया, आप्पांची लेक ना तू?" सत्तरीची सखूबाई कमरेवर हात देऊन उठली. "बस, पान वाढते. केवढी दमलीस."

"दुधी," अनुजाला श्वास मिळत नव्हता. "भाजीतला दुधी खाऊ नका. विषारी आहे. आप्पांचं बी बिघडलंय."

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. टोकाला बसलेली तरणी सून खुदकन हसली. "बघा! मी म्हणत होते ना कडू हाय? तर आत्याबाई म्हणतात, तुझ्याच तोंडाला चव नाही."

"होती जराशी कडसर," सखूबाई म्हणाली. "पण ऋषीचं पान टाकायचं असतं व्हय? गुळाच्या खड्यासंगं खाल्ली सगळ्यांनी."

अनुजानं ओळीकडं पाहिलं. केळीची पानं पुसल्यासारखी स्वच्छ होती.

"किती वेळ झाला?"

"आत्ताच की. पाव घटका."

अंगणाच्या दगडी बांधावर चढल्यावर फोनला एक कांडी रेंज आली. डॉक्टर शेखनी लगेच उचलला. "किती जणी?"

अनुजानं मोजलं. मग खात्री करायला उलट्या बाजूनं मोजलं. "अकरा."

"गाडी पाठवते. दोन लागतील. पण वर यायला तास तरी धरा. जी गळून जाईल तिला आडवी करा, पाय वर. ऐकू येतंय का?"

ऐकू येत होतं. खाली ती तरणी सून अजून नक्कल करून दाखवत होती, सासूनं कसा डोळा वटारला आणि आपण कसा घास गिळला ते. बायका हसत होत्या. बोलता बोलता ती थांबली. तिनं पोटाशी हात नेला आणि सासूकडं बघितलं, काहीतरी विचारायचं असल्यासारखं, आणि तिथल्या तिथं गुडघ्यांवर आली.

अनुजा बांधावरून उडी मारून धावली. तिनं सुनेचं डोकं धरलं, सखूबाईनं पाठ. तिच्या मागं आणखी एक बाई भिंतीचा आधार घेत उठत होती.

"पण पोरी," सुनेच्या पाठीवरून हात फिरवत सखूबाई म्हणाली, तिचा आवाज रडवेला झाला होता, "सकाळी तो दूधवाला सांगून गेला की, शेडचा दुधी खाऊ नका म्हणून. आम्ही आणला होता गं बाजारातून, कमी पडू नये म्हणून. तो सगळा फेकला. आणि आप्पांचे दोन जास्त चिरले."